लोकलमधली उधारी

(रेडिओवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

लांब पल्ल्याच्या गाड्यांना नावं असतात. डेक्कन क्वीन, महालक्ष्मी, सिंहगड. आमच्या लोकलला नाव नसतं, वेळ असते. ‘मी आठ-तेराची’ असं डोंबिवलीतल्या एखाद्या बाईनं सांगितलं, की तिचा अर्धा परिचय झालेला असतो. मी एकतीस वर्षं आठ-तेराची होते. मधल्या काळात वेळापत्रक कितीदा तरी बदललं. गाडी कधी आठ-अकराला सुटे, कधी आठ-सतराला. पण आमच्यासाठी ती शेवटपर्यंत आठ-तेराच राहिली. लग्नानंतर मुलीचं नाव बदललं तरी माहेरी तिला जुन्याच नावानं हाक मारतात ना, तसंच ते.

मुंबईची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. चौदा डबे होते आणि निमंत्रित पाहुणे चारशे. म्हणजे डब्याला तीस माणसंही नव्हती. आमच्या बायकांच्या डब्यात तेवढ्या तर नुसत्या दाराशी असतात! पुढे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी विजेवरची पहिली लोकल धावली. मी नोकरीला लागले ते साल १९९२. त्याच वर्षी ५ मे रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल सुरू झाली. तेव्हा आम्ही मध्य रेल्वेच्या बायका ‘त्यांची काय चैन आहे बाई’ म्हणून थोड्या जळलोही होतो.

नवीन माणसाला लोकलची भाषा शिकावी लागते. ती फार थोड्या शब्दांची आहे. बसलेल्या बाईला उभी असलेली बाई एकच शब्द विचारते, ‘कुठे?’ बसलेली म्हणते, ‘घाटकोपर.’ झाला करार. आता घाटकोपरला ती जागा हिची. मध्येच कुणी तिसरी आली आणि तिनंही ‘कुठे?’ विचारलं, तर तिला उत्तर मिळतं, ‘मी सांगितलंय.’ कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. आणि तरीही हा करार मोडलेला मी एकतीस वर्षांत फार क्वचित पाहिला. तीच गोष्ट चौथ्या सीटची. बाक तिघींचा असतो. चौथी येऊन उभी राहिली की तिघी काही न बोलता जरा आत सरकतात. चौथी अर्धी बाकावर, अर्धी हवेत. तरी तिच्या चेहऱ्यावर गड जिंकल्याचा आनंद असतो.

पहिल्याच आठवड्यात मला दादरनं धडा दिला. मला व्हीटीपर्यंत जायचं होतं आणि मी अजाणतेपणी दाराजवळ उभी राहिले. दादर आलं आणि मी उतरले. म्हणजे मी उतरले नाही, मला उतरवलं गेलं. पाय जमिनीला लागले तेव्हा मी फलाटावर होते आणि गाडी सुटत होती. दादरला उतरणारीच्या वाटेत उभं राहायचं नाही, हे शहाणपण कुठल्याही पुस्तकात नाही.

संध्याकाळची परतीची गाडी म्हणजे स्वयंपाकघराची आगाऊ शाखा. व्हीटीला खिडकीची जागा मिळाली की पर्समधून वर्तमानपत्र निघे. त्यावर मेथी निवडली जाई, गवार मोडली जाई. एकदा आमच्यातल्या एकीच्या घरी दुसऱ्या दिवशी मुलीचा साखरपुडा होता. ती चार किलो मटार घेऊन चढली. आमच्या बाकानं सोलायला सुरुवात केली. समोरचा बाक म्हणाला, ‘इकडे द्या थोडे.’ मग उभ्या असलेल्या एका अनोळखी मुलीनं हात पुढे केला. बघता बघता शेंगा डब्याच्या दुसऱ्या टोकाला पोचल्या आणि ठाण्याच्या आत दाणे होऊन परत आल्या. कोणी किती खाल्ले ते विचारू नका. ज्यांना साखरपुड्याचं आमंत्रणही नव्हतं, अशा बायांनी ते मटार सोलले होते. टरफलांची पिशवी तेवढी उरली. ठाण्याला उतरणारी एक बाई म्हणाली, ‘मला द्या, आमच्या शेजारी शेळी आहे.’

आमच्या डब्याला लागून पुरुषांचा डबा होता. मध्ये जाळी. सकाळी पलीकडे भजनी मंडळ असे. टाळ वाजत, आणि गाडी एकदम थांबली की सूरही थोडा पुढे सरकत असे. एकदा दोन-तीन दिवस भजन ऐकू आलं नाही. चौथ्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यांत गप्प बाईनं जाळीला तोंड लावून विचारलं, ‘अहो बुवा, बरे आहात ना सगळे?’ पलीकडून उत्तर आलं, ‘पेटीवाल्याचा घसा बसलाय.’ ‘मग पेटी वाजवायला घसा कशाला लागतो?’ असा प्रश्न हिनं केला आणि दोन्ही डबे हसले. दुसऱ्या दिवसापासून टाळ पुन्हा सुरू झाले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला तोरण लागे, आरती होई, पेढे वाटले जात. सुतार करवतीची पूजा करतो, शेतकरी नांगराची करतो. आम्ही आमच्या डब्याची करत होतो. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही.

पण लोकल म्हणजे नुसती मटार आणि भजनं नव्हेत. रोज काही लाख माणसं या गाड्यांतून जिवावर उदार होऊन जातात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचे जीव गेले. ती आमचीच वाट. तिथून गाडी जाते तेव्हा आजही मी दाराशी उभ्या असलेल्या मुलांकडे बघते आणि मनातल्या मनात म्हणते, आत सरक रे बाळा. म्हणून लोकलच्या गमती सांगताना मला थोडं अपराध्यासारखंही वाटतं. तरी सांगते. कारण या गर्दीत माणसं एकमेकांवर जो विश्वास टाकतात, तो मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आणि आज मी बोलायला आले आहे ती खरं म्हणजे अशाच एका विश्वासाची गोष्ट सांगायला.

आमच्या परतीच्या गाडीत एक क्लिपवाली येई. एका मोठ्या पुठ्ठ्यावर कानातली, क्लिपा, टिकल्यांची पाकिटं, रबरबँड. गाडीत असं विकणं कायद्यानं गुन्हा आहे, रेल्वे कायद्याच्या १४४ कलमात तसं लिहिलेलं आहे. ते तिला माहीत होतं आणि आम्हालाही. पण मुंबईतल्या निम्म्या नोकरदार बायकांच्या कानांत जे काही असतं, ते असंच आलेलं असतं. दहा-बारा वर्षांत मी तिला तिचं नाव विचारलं नाही. तिनंही माझं विचारलं नाही. ती मला ताई म्हणे, मी तिला ‘अगं’ म्हणे.

ती उधार देत असे. ‘पगार झाला की द्या.’ मला नवल वाटे, ही लक्षात कसं ठेवते? एकदा ते कळलं. ठाण्याला गर्दी थोडी सैल होई. मग कळव्यानंतर पारसिकचा बोगदा येई. १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब. २०२२ साली आमच्या जलद लोकलची वाट बदलली, पण तोवर ती याच बोगद्यातून जायची. आत शिरली की असा आवाज घुमे, की ओरडून विकण्यात अर्थ नसे. तेवढ्या वेळात ती दाराशी टेकून एक छोटी वही काढी आणि हिशेब लिही. एकदा मी तिच्या खांद्यावरून डोकावले. नावं नव्हतीच. ‘लांब वेणी – ५०’. ‘दोन डबे – ८०’. ‘चष्मा ठाणे – ३०’. आम्हा सगळ्यांना तिनं स्वतःच्या सोयीची नावं दिली होती. मी विचारलं, ‘आणि मी कोण गं?’ ती लाजली आणि तिनं वही मिटली.

१८ मार्च २०२०, बुधवार. गाडीत नेहमीपेक्षा गर्दी कमी होती. मी तिच्याकडून कानातल्यांचे दोन जोड आणि टिकल्यांची दोन पाकिटं घेतली. ती एकशेऐंशी म्हणाली, मी एकशेचाळीसवर आणलं. सुटे नव्हते. ‘राहू द्या, उद्या द्या,’ ती म्हणाली. तो उद्या आला नाही. दुसऱ्या दिवसापासून आमचं ऑफिस बंद झालं आणि २२ मार्चला रात्री लोकलच थांबली.

श्रोतेहो, लोकल थांबलेली मी पूर्वीही पाहिली होती. २६ जुलै २००५ च्या पुरात पाहिली. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेवर बॉम्बस्फोट झाले, त्या रात्री पाहिली. पण तेव्हा गाड्या एक-दोन दिवसांत पुन्हा धावल्या होत्या. या वेळी महिने गेले. घरात बसून मला राहून राहून त्या एकशेचाळीस रुपयांची आठवण येई. रक्कम ती काय! पण जिचं पोट त्या पुठ्ठ्यावर चालतं, तिचे पैसे माझ्याकडे होते आणि ते पोचवायला माझ्याकडे ना तिचं नाव, ना पत्ता, ना फोन. बारा वर्षं रोज दिसणारी बाई, आणि गाडी थांबल्याबरोबर ती जगातून पुसली गेली. मीही तिच्या जगातून तशीच पुसली गेले असणार. त्यातही चाळीस रुपये मी घासाघीस करून कमी केले होते, ते वेगळंच टोचत होतं.

२१ ऑक्टोबर २०२० पासून बायकांना ठरावीक वेळेत लोकलनं जायची मुभा मिळाली. मी गेले. डबा रिकामा, तोंडावर मास्क, खिडकी मोकळी. ‘कुठे?’ म्हणून विचारायला कोणी नव्हतं. ज्या खिडकीसाठी आयुष्यभर धावले, ती मिळाली तर तिथं बसवेना. एकशेचाळीस रुपये पासाच्या पाकिटात वेगळे ठेवले होते. क्लिपवाली दिसली नाही. पुढे दुसरी लाट आली, पुन्हा बंदी आली. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीचे दोन्ही डोस घेतलेल्यांना प्रवास खुला झाला. डबे हळूहळू भरू लागले. काही चेहरे दिसले, काही दिसले नाहीत. काहींचं काम घरूनच सुरू राहिलं, काहींची नोकरी गेली होती. काहींबद्दल विचारायचं धाडस होत नसे.

त्या दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी कुर्ल्याला ती चढली. तोच पुठ्ठा, आता त्यावर मास्कही टांगलेले. मी जागेवरून उठलेच. पैसे पुढे केले. म्हटलं, ‘अगं, हे एकशेऐंशी.’ तिनं पिशवीतून तीच वही काढली, पान उलटलं आणि म्हणाली, ‘नाही ताई. एकशेचाळीस.’ चाळीस रुपये तिनं परत केले. मी वहीत पाहिलं. माझ्या नावाची ओळ तिथं होती. ‘घासाघीस – १४०’.

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिनं माझ्यासमोर त्या ओळीवर रेघ मारली. पानावर चौदा ओळी होत्या. माझी धरून अकरांवर रेघा होत्या. मी विचारलं, ‘बंदीत काय केलंस?’ ‘मास्क शिवले,’ ती म्हणाली. ‘आणि या तिघी?’ तिनं वही मिटली. ‘आल्या नाहीत अजून. येतील. आल्या की देतील.’

मी २०२३ साली निवृत्त झाले. आता लोकलनं जाणं क्वचितच होतं. गेल्या महिन्यात फोर्टात काम निघालं, परतताना मुद्दाम संध्याकाळची गाडी धरली. ती भेटली. वही नवी आहे, पण जुन्या वहीतलं ते एक पान फाडून तिनं नव्या वहीत ठेवलं आहे. तीन ओळी अजून तशाच आहेत. मी तिला म्हटलं, ‘मी रेडिओवर बोलणार आहे, सांगू का?’ ती म्हणाली, ‘सांगा, पण पैशांसाठी नको. बऱ्या आहेत का, तेवढं विचारा.’

म्हणून विचारते. मार्च २०२० पर्यंत संध्याकाळी व्हीटीहून कल्याणच्या जलद गाडीत बायकांच्या डब्यात बसणारी, कायम काहीतरी गुणगुणणारी एक बाई होती. वहीत तिचं नाव ‘गुणगुण’ आहे. दुसरी ‘आंबाडा’. तिसरी ‘दोन डबे’, जिच्याकडे जेवणाचे नेहमी दोन डबे असत. तुमच्यापैकी कोणी ऐकत असाल, तर एकदा त्या गाडीला या. ती कुर्ल्याला चढते.