दर स्वस्त आहे, पण उद्या काम चालू राहील का?

अस्थिर देशातल्या आयटी कंपनीला परदेशी काम मिळतं कसं? हा प्रश्न आज आपण युक्रेनबद्दल विचारतो. 2002 मध्ये जग तो आपल्याबद्दल विचारत होतं.

डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला, सीमेवर सैन्य उभं राहिलं आणि 31 मे 2002 ला अमेरिकेने आपल्या नागरिकांना भारत सोडायचा सल्ला दिला. गुडगावात तेव्हा जीई कॅपिटलचं केंद्र, म्हणजे आजचं जेनपॅक्ट, चालू होतं. परदेशी ग्राहक धास्तावले. विप्रोसारख्या कंपन्यांनी ही काळजी सीआयआयमार्फत सरकारच्या कानावर घातली.

ग्राहकाला युद्धाचं राजकारण कळत नाही, आणि कळायची गरजही नसते. सोमवारी सकाळी पगारपत्रक चालेल का, एवढंच तो बघतो. म्हणून पुरवठादार त्याला दुसरं ठिकाण दाखवतो: तेच काम जाणणारी माणसं दुसऱ्या शहरात, शक्यतो दुसऱ्या देशात. करार बहुतेकदा अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये नोंदलेल्या कंपनीशी होतो, म्हणजे वाद झाला तर ग्राहकाला आपल्या कोर्टात यावं लागत नाही.

ग्लोबललॉजिकचं उदाहरण घ्या. 2000 साली सुरू झालेल्या या कंपनीची मुळं नोएडात आहेत आणि युक्रेनमध्ये तिचे हजारो अभियंते. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने हल्ला केला. 18 ते 60 वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी झाली. मग माणसं पश्चिमेकडच्या ल्विव्हसारख्या शहरांत हलवायची, जनरेटर आणि स्टारलिंक लावायचे, असे उपाय तिथल्या कंपन्यांनी केले. त्या वर्षी युक्रेनची आयटी निर्यात चक्क वाढली. घट आली ती 2023 मध्ये. मला हे महत्त्वाचं वाटतं: हातातलं काम सहसा टिकतं, नवीन काम येईनासं होतं.

छोट्या कंपनीचं काय? नोएडात पंधरा जणांचं ऑफिस चालवणाऱ्याला दुसऱ्या देशात शाखा कुठून परवडणार? आणि अडचण यायला युद्धच लागतं असं नाही. 19 डिसेंबर 2019 ला दिल्लीच्या काही भागांत मोबाइल सेवा बंद होती आणि गुरुग्रामच्या सीमेवर पोलिसांच्या अडथळ्यांमुळे मैलोन्‌मैल गाड्या अडकल्या होत्या.

अशा कंपनीने निदान दोन जणांना तरी घरून काम करता येईल अशी सोय करावी, एकाला नागपूर-पुण्याकडे बसवावं आणि कोड व कागदपत्रं ग्राहकाच्याच खात्यात ठेवावीत. कामाची नोंद रोजच्या रोज लिहावी. ग्राहकाने विचारायच्या आधीच हे त्याला लेखी कळवावं. बातम्या सुरू झाल्यावर पाठवलेलं पत्र घाबरून लिहिल्यासारखं वाटतं.