पाकिटावरील पत्ता
(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या वर्षीं आमच्या वडिलांचें वर्षश्राद्ध झालें. त्या निमित्तानें त्यांच्या जुन्या लेखांपैकीं कांहीं निवडून एक लहानशी पुस्तिका छापावी आणि ती आप्तेष्टांस व स्नेह्यांस टपालानें पाठवावी, असें आम्हां भावंडांचें ठरलें. पुस्तिका छापून आली, पाकिटें आलीं, आणि एकशेंऐंशी पत्ते लिहिण्याचा प्रश्न उभा राहिला. वडील स्वतः असते तर त्यांनीं शाईचें पेन घेऊन तीन संध्याकाळांत तें काम हातावेगळें केलें असतें. माझें अक्षर पोस्टमनला लागेल याची मला स्वतःलाच खात्री नसल्यामुळें मीं संगणकाचा आश्रय केला. त्या आठ दिवसांत जें शिकलों, तें आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

एकच पाकीट छापावयाचें असेल तर काम अगदीं सोपें आहे. संगणकावर लेखनासाठीं ‘वर्ड’ नांवाची जी प्रणाली बहुतेक घरीं असते, तींत ‘मेलिंग्ज’ या सदराखालीं ‘एन्व्हलप्स’ अशी पाटी दिसते. ती उघडली कीं दोन चौकटी येतात; एकींत ज्याला पाठवावयाचें त्याचा पत्ता, दुसरींत आपला. ‘लिबर-ऑफिस’ ही मोफत मिळणारी प्रणाली ज्यांच्याकडे आहे, त्यांना हीच सोय ‘इन्सर्ट’ या सदरांत सांपडेल.

खरी अडचण मापाची. वर्ड ही प्रणाली अमेरिकन. तिला आपण कांहीं सांगितलें नाहीं तर बहुधा ती ‘दहा नंबरचें’ पाकीट गृहीत धरते. त्याची लांबी सुमारें २४१ मिलिमीटर. आपल्याकडे कचेरींत वापरतात तें लांबट ‘डी-एल’ पाकीट २२० मिलिमीटर लांब व ११० रुंद असतें. या एकवीस मिलिमीटरांच्या फरकानें पत्ता बाजूला सरकतो, आणि आपण दोष देतों बिचाऱ्या छपाईयंत्राला! आमची पुस्तिका ए-५ आकाराची, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर; तिला सी-५ हें १६२ बाय २२९ मिलिमीटरांचें पाकीट बरोबर बसतें. तेव्हां पाकीट विकत आणल्याबरोबर फूटपट्टीनें मोजावें आणि तोच आंकडा यंत्राला सांगावा.

पाकीट यंत्रांत कोणत्या बाजूनें घालावें, याविषयीं माझ्या मुलीनें सांगितलेली युक्ति मला फार आवडली. एका कोऱ्या कागदावर पेन्सिलीनें बाण काढून तो यंत्रांत सोडावा. छापील मजकूर बाणाच्या बाजूला आला कीं मागच्या, सरळ आला कीं उलटा, हें पाहिलें म्हणजे पाकिटाची दिशा आपोआप कळते. आमचीं पहिलीं चार पाकिटें या युक्तीच्या आधीं वायां गेलीं होतीं.

यंत्र लेझरचें असेल तर आणखी एक पथ्य आहे. त्यांत शाई नसते. एक प्रकारची भुकटी उष्णतेनें वितळवून कागदावर बसवितात. त्या तापांत पाकिटाचा चिकट पट्टा आंतल्या आंत चिकटतो, व प्लास्टिकची खिडकी असलेलें पाकीट तर आकसून यंत्रांतच अडकण्याचा संभव असतो. उलट, शाईच्या यंत्रावर छापलेला पत्ता पावसांत पसरूं शकतो. आषाढांत पाकिटें टाकणाऱ्यांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें.

आतां एकशेंऐंशी पत्त्यांविषयीं. एकच मजकूर अनेकांच्या नांवें यंत्रानें काढावा ही कल्पना जुनी आहे. १९६४ साली आय-बी-एम कंपनीनें चुंबकीय फितीवर मजकूर साठविणारा टंकलेखक बाजारांत आणला, तो अशाच कामासाठीं. पुढें ‘वर्डस्टार’ या प्रणालीला ‘मेलमर्ज’ नांवाची जोड मिळाली, आणि तें नांव आजतागायत रूढ आहे. तत्त्व असें कीं पाकीट एकदांच आंखावयाचें आणि नांवें-पत्ते निराळ्या कोष्टकांत ठेवावयाचे. कोष्टकाच्या प्रत्येक ओळींत एक मनुष्य, प्रत्येक स्तंभांत त्याची एक बाब: उपपद, नांव, घर, रस्ता, गांव, पिन. पाकिटावर ‘येथें नांव, येथें गांव’ अशा खुणा ठेवल्या कीं यंत्र एकेक ओळ उचलून त्या खुणांच्या जागीं भरतें.

पिनला स्वतंत्र स्तंभ हवाच. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं ही सहा आंकड्यांची पद्धत सुरू झाली, आणि ती सिद्ध करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतांत काव्य-नाटकें लिहिणारे कवि होते, हें सांगण्याचा मोह आवरत नाहीं. पहिले तीन आंकडे टपाल वेगळें करण्याचा जिल्हा दाखवितात, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. पुण्याचे ४११, मुंबईचे ४००, गोव्याचे ४०३. आमच्या यादींत मुंबईचा एक पत्ता ४११ नें सुरू होत होता. ती चूक केवळ स्तंभावरून नजर फिरवितांना सांपडली.

वडिलांनीं आपली यादी पूर्वीं केव्हां तरी संगणकावर घेतली होती, परंतु ती जुन्या पद्धतीच्या टंकांत. आजच्या युनिकोड टंकांत ती उघडली तेव्हां ‘सदाशिव पेठ’ हीं अक्षरें कोणत्या तरी मंत्रासारखीं दिसूं लागलीं. रूपांतर करून घेतलें, तरी जोडाक्षरें एकेक तपासावीं लागलीं.

आणि येथेंच माझी चूक झाली. उपपदाचा स्तंभ यादींत नव्हता. तो मीं नव्यानें घातला. स्त्रियांचीं नांवें एकत्र करून पहिलीपुढें ‘सौ.’ लिहिलें आणि माऊस धरून तेंच खालपर्यंत ओढलें. एका क्षणांत पन्नास-साठ नांवांपुढें ‘सौ.’ उमटलें. छापण्यापूर्वीं पाकिटें पडद्यावर पाहतां येतात. मीं पहिलीं पांच पाहिलीं व समाधान मानलें. साठ पाकिटांची पहिली खेप त्याच दिवशीं पेटींत पडली.

चौथ्या दिवशीं मामींचा फोन आला. पुस्तिका पोंचली म्हणाल्या, तुझ्या वडिलांचा विहिरीवरचा लेख दोनदां वाचला म्हणाल्या. मग थोडें थांबून म्हणाल्या, “पाकिटावर सौ. वाचलें रे, आणि क्षणभर वाटलें, हे आंतल्या खोलींतच आहेत.” मामांना जाऊन तेव्हां आठ महिने झाले होते. त्या रागावल्या नाहींत. रागावल्या असत्या तर मला बरें वाटलें असतें.

आमच्या आईच्या नांवामागचें तें अक्षर ज्या वर्षीं गेलें, त्याच वर्षांत माझ्या हातून हें व्हावें! उपपदें मुळांतच घालूं नयेत असें माझ्या मुलीचें मत आहे, व तें मला पटतेंहि. पण आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना नुसतें नांव रुक्ष वाटतें. त्या रात्रीं आईला शेजारीं बसविलें. मीं नांव वाचावें आणि तिनें सांगावें. कांहीं नांवांवर ती बराच वेळ थांबली. राहिलेल्या एकशेंवीस पाकिटांत अशीं अकरा निघालीं, आणि दोन पाकिटें तर जीं माणसें आतां नाहींत त्यांच्याच नांवें होतीं.

यादी मीं दुरुस्त केली. पण त्या तेरा पाकिटांचे पत्ते यंत्रावर पुन्हां काढले नाहींत. शाईच्या पेनानें लिहिले. अक्षर वाईटच आलें. तेरांपैकीं एकहि पाकीट परत आलें नाहीं.