यजमान देश आणि त्याच्या लेकी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या घरी कार्य असले म्हणजे यजमानीण पाहुण्यांची पाने वाढते आणि स्वतः सर्वांच्या शेवटी जेवते. देशोदेशींच्या खेळाडूंना बोलावणाऱ्या यजमान देशाची रीत मात्र निराळी. त्याने पाहुण्यांची सरबराई तर करायचीच, पण मैदानात उतरून त्यांना हरवायचेही! घरच्या अंगणात हार झाली तर ती सगळ्या गावाला दिसते. म्हणून अशा यजमानाच्या कामगिरीविषयी आज मी बोलणार आहे. तो देश जपान आणि स्पर्धा १९६४ ची टोकियो ऑलिंपिक. विषय खेळाचा असला, तरी त्याचा धागा आपल्यासारख्या घरसंसार करणाऱ्या बायकांपर्यंत येऊन पोहोचतो.

महायुद्धात जपान होरपळून निघाला होता. त्यानंतर १९ वर्षांनी, १० ऑक्टोबर १९६४ रोजी, टोकियोत ऑलिंपिकची ज्योत पेटली. ती पेटवणारा तरुण योशिनोरी साकाई हा हिरोशिमा प्रांतातला, अणुबाँब पडला त्याच दिवशी जन्मलेला. आम्ही पुन्हा उभे राहिलो, हे जपानला जगाला सांगायचे होते. ते नुसत्या इमारतींनी आणि नव्या आगगाडीने सांगून भागत नव्हते. खेळातही दाखवावे लागणार होते.

जपानने ते दाखवले. १९६० साली रोममध्ये त्याला ४ सुवर्णपदके मिळाली होती. घरच्या मैदानावर १६ मिळाली. अमेरिका आणि रशिया यांच्या खालोखाल तिसरा क्रमांक लागला. या सोळांपैकी ५ कुस्तीत, ५ जिम्नॅस्टिक्समध्ये, ३ ज्यूदोत आणि वजन उचलणे व मुष्टियुद्ध यांत एकेक. झाली पंधरा. ही सारी पुरुषांची. सोळावे तेवढे स्त्रियांचे, व्हॉलीबॉलचे. पण आज जपानमध्ये त्या स्पर्धेची आठवण निघाली की पहिल्यांदा नाव निघते ते या सोळाव्याचेच.

स्त्रियांना चेंडूचा सांघिक खेळ ऑलिंपिकमध्ये खेळायला मिळाला तो याच वर्षी पहिल्यांदा. जपानच्या संघातील बहुतेक मुली ओसाकाजवळच्या काइझुका येथील एका कापडगिरणीत नोकरीला होत्या. दिवसा गिरणीच्या कचेरीत काम, दुपारनंतर सराव, आणि तो चालायचा मध्यरात्रीपर्यंत. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु इतके कडक की लोक त्यांना 'राक्षस' म्हणत. चेंडू जमिनीला लागू द्यायचा नाही, म्हणून अंग झोकून द्यायचे, लोळण घ्यायची आणि त्याच झोक्यात उठून उभे राहायचे, असे शेकडो वेळा. १९६२ साली मॉस्कोत या संघाने रशियाला हरवून जगज्जेतेपद मिळवले. त्यानंतर यांपैकी कितीतरी मुलींच्या मनात खेळ थांबवून लग्न करावे असे होते. परंतु देशाला ऑलिंपिक हवे होते. आणखी दोन वर्षे त्या थांबल्या. कर्णधार मासाए कासाई हिचे वय टोकियोत ३१ होते.

२३ ऑक्टोबरला अंतिम सामना झाला, पुन्हा रशियाशीच. त्याच दिवशी ज्यूदोच्या खुल्या गटात हॉलंडच्या आंतोन खेसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला त्याच्याच घरात हरवले. ज्यूदो हा जपानचा स्वतःचा खेळ. तो घाव ताजा असताना या मुली मैदानावर उतरल्या. पहिले दोन डाव त्यांनी १५–११ आणि १५–८ असे घेतले. तिसरा डाव मात्र संपता संपेना. अखेर १५–१३ झाला, आणि टोकियोकडच्या भागात ज्यांच्या घरी टेलिव्हिजन होता त्यांपैकी ६६.८ टक्के घरांनी तो सामना पाहिला.

आपल्याला अभिमान वाटावा अशीही एक गोष्ट त्याच दिवशी घडली. आपल्या हॉकी संघाने पाकिस्तानला १–० ने हरवून सुवर्णपदक मिळवले. पण आपल्या ५३ खेळाडूंच्या पथकात स्त्री किती? एक! ४०० मीटर धावणारी स्टेफी डिसूझा.

आता मला खटकते ते सांगते. यजमान देशाची लाज राखण्यासाठी मुलींच्या अंगावर एवढा भार घालावा का? त्या स्वखुशीने राबल्या हे खरे. परंतु सबंध देश तोंडाकडे पाहत असता 'नको' म्हणण्याची मोकळीक कितीशी उरते? मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्या कोकिची त्सुबुरायाचे उदाहरण पाहा. तो दुसरा येऊन स्टेडियममध्ये शिरला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एका इंग्रज धावपटूने त्याला मागे टाकले. कांस्यपदक मिळूनही ती सल गेली नाही. १९६८ च्या जानेवारीत त्याने स्वतःचे जीवन संपवले. पदकांच्या यादीत असल्या गोष्टी लिहिलेल्या नसतात. म्हणून पदके मोजताना त्यांची किंमतही मोजावी, असे मला वाटते.

तरीही त्या सोळाव्या पदकाचे एक फळ मला फार गोड वाटते. त्या मुलींचा खेळ पाहून जपानमधल्या गृहिणींनी व्हॉलीबॉल हाती घेतला. गल्लोगल्ली आयांचे संघ निघाले. त्याला तिकडे 'मामासान व्हॉलीबॉल' म्हणतात. एका बाजूला नऊ जणी खेळतात. १९७० पासून त्यांच्या देशव्यापी स्पर्धा होऊ लागल्या. या बायकांकडे कुणी पदक मागत नव्हते. दिवसभराच्या कामानंतर थोडा वेळ स्वतःसाठी, मैत्रिणींसाठी, एवढाच त्यांचा लाभ. माझ्या मते यजमान देशाची खरी कमाई ती हीच.

आपल्याकडेही दिवस पालटले आहेत. २०२१ साली त्याच टोकियोत भारताने जी ७ पदके मिळवली, त्यांतली ३ मीराबाई चानू, सिंधू आणि लवलिना या मुलींची. आपण त्यांचे कौतुक केले, पेढे वाटले. पण आपल्या आळीतली मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिचे खेळणे बंद होते, ते का? आणि आपले स्वतःचे? मंगळागौरीच्या रात्री फुगडी, झिम्मा, पिंगा खेळताना ज्यांचे पाय दुखत नाहीत, त्यांना वर्षाचे बाकीचे दिवस 'आता या वयात कसले खेळ' असे का वाटावे?

म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळाने या वर्षी दोन खांब, एक जाळे आणि एक चेंडू घ्यावा. भिशीच्या दोन महिन्यांच्या चहाफराळाला फाटा दिला तर एवढे सहज जमेल. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक तास, सासू-सून, आई-मुलगी, जिला यायचे तिने यावे. त्या तासाला घरी कुकर कोण लावणार, हा प्रश्न येईल. तो ज्याने त्याने, म्हणजे घरच्या पुरुषमंडळींनी, सोडवावा!