‘माइंड युवर लँग्वेज’ आणि आपलं सोलापूर

विनोदी मालिका हा प्रकार इंग्रजांनी फार मन लावून हाताळला. आपल्याकडं एखादी मालिका आवडली की ती शेकड्यांनी भाग चालते. तिकडं डोक्यावर घेतलेल्या ‘फॉल्टी टॉवर्स’चे भाग अवघे बारा! सहा १९७५ साली, सहा १९७९ साली. पण मला आज बोलायचंय ते दुसऱ्याच एका मालिकेबद्दल. तिकडचे जाणकार तिला फारसा मान देत नाहीत, आपल्याकडं मात्र तिचं नाव काढलं की माणसं हसायला लागतात. ती म्हणजे ‘माइंड युवर लँग्वेज’.

१९७७ साली ती सुरू झाली. गोष्ट साधीच. लंडनमधला परदेशी लोकांसाठीचा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग. जेरेमी ब्राउन नावाचे भिडस्त मास्तर. बाकांवर इटालियन, स्पॅनिश, ग्रीक, जर्मन, फ्रेंच, चिनी, जपानी, आणि आपल्या बाजूचे तिघं : उठता-बसता हजारदा माफी मागणारा सरदार रणजित, पाकिस्तानी अली आणि वर्गात विणकाम करत बसणारी जमीला. मास्तर एक बोलतात, वर्ग भलतंच ऐकतो. दर भागात हेच, तरी हसू येतंच. कारण चुकणारा प्रत्येक जण आपलंच बरोबर आहे याबद्दल अगदी ठाम असतो.

मी ही मालिका पहिल्यांदा पाहिली ती व्हिडिओ लायब्ररीतून आणलेल्या कॅसेटवर. खोलीत दहा-बारा जण, त्यात इंग्रजी नीट कळणारे दोघं. पण हसायला कुणी मागं राहिलं नाही. सोलापूरकराला तो वर्ग नवा थोडाच आहे? पूर्व भागात तेलुगू, बाजारपेठेत कन्नड, मोहल्ल्यात दख्खनी उर्दू, शाळेत मराठी. आमच्या शेजारच्या तेलुगू आजी माझ्या आईशी जन्मभर मराठीत बोलल्या. त्यांच्या मराठीत बस ‘आला’ आणि पाऊस ‘आली’. आईचं तेलुगू त्याहून भयंकर. दोघी एकमेकींना मनसोक्त हसायच्या, आणि संध्याकाळी वाटीभर भाजी इकडून तिकडं जायचीच.

ही मालिका १९७९ साली बंद केली गेली. बंद करणारे होते लंडन वीकेंड टेलिव्हिजनचे मायकेल ग्रेड. परक्या देशांच्या माणसांचे असे ठरीव साचे करून हसणं त्यांना अपमानकारक वाटत होतं. मला मालिका आवडते, तरीही त्यांचा आक्षेप मला खोटा वाटत नाही. शिकायला पुण्यात गेलो तेव्हा ‘काय करायलास?’ एवढं म्हटलं की होस्टेलवरची पोरं खो-खो हसत. पुढं पुढं मी तोंड उघडण्याआधी वाक्य मनात घोळवून बघायला लागलो. आजी आणि आई हसायच्या तेव्हा दोघीही अडखळत होत्या. होस्टेलवर अडखळणारा मी एकटाच. ब्राउन मास्तरांच्या वर्गातही तसंच आहे बघा. मास्तरांची भाषा कधीच घसरत नाही.

‘फॉल्टी टॉवर्स’ इथंच पुढं जाते. तिथंही मॅन्युएल नावाचा वेटर आहे, बार्सिलोनाहून आलेला, इंग्रजीच्या नावानं आनंद. पण फजिती होते ती प्रामुख्यानं हॉटेलमालक बेसिलची. मोठ्या लोकांपुढं लोटांगण, नोकरापुढं वाघ असा तो गृहस्थ. मॅन्युएलचं काम करणारे अँड्र्यू सॅक्स मूळचे बर्लिनचे. नाझींच्या छळामुळं १९३८ साली लहानपणीच कुटुंबाबरोबर इंग्लंडला आलेले. परक्या भाषेत अडखळणं त्यांना कुणी शिकवायची गरज नसावी.

१९९३ साली दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर ‘माइंड युवर लँग्वेज’चा हिंदी अवतार आला, ‘जबान संभालके’. पंकज कपूर हिंदीचे मास्तर. यातली खरी गंमत म्हणजे आता गोरा साहेब बाकावर बसला होता! ते काम टॉम ऑल्टर यांचं. प्रत्यक्षात या माणसाचं उर्दू इतकं अस्खलित, की मुद्दाम वाईट बोलायला त्यांना कष्टच पडले असतील. संस्थेच्या बाई होत्या शुभा खोटे, त्यांची मुलगी भावना बलसावर तमिळ विद्यार्थिनी, आणि भाऊ विजू खोटे झाले होते विठ्ठल बापूराव पोटे. पोटे म्हणजे वर्गातले मराठी गडी. त्यांचं हिंदी अर्थातच आपल्या सगळ्यांसारखं!

आम्ही केबलवर ती पाहायचो तेव्हा त्या तेलुगू आजींचा नातू यायचा. पोटे बोलायला लागले की तो पडद्याकडं न बघता माझ्याकडंच बघायचा. म्हणायचा, ‘‘काका, आता तुमचा नंबर.’’