मधल्या सुट्टीत बाई कुठे असतात?

आज बी.एड.ची पदवी घेणाऱ्या माझ्या नव्या सहकाऱ्यांनो,

पाठ टाचण, घटक नियोजन, मूल्यमापन हे सगळं तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं शिकला आहात. माझी नोकरी बीड जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. तिथं मुलं मला खरी कळली ती मधल्या सुट्टीत, म्हणून आज तिच्याबद्दलच बोलते.

मुलं खेळायला जमली की एकदा लांबून बघा. गडी वाटून घ्यायचे असतात. सारख्या ताकदीची दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाजूला जातात, गुपचूप नावं ठरवतात आणि परत येऊन कॅप्टनला विचारतात, "आंबा पाहिजे की फणस?" कोण आंबा आणि कोण फणस, हे कॅप्टनला ठाऊक नसतं. संघ तुल्यबळ होतात आणि 'कुणालाच नको' असा शेवटी कुणी उरत नाही. आपण मोठी माणसं मात्र कॅप्टनला एकेक नाव पुकारायला लावतो आणि शेवटच्या पोराला सगळ्यांसमोर उभं ठेवतो! कुणाचं धाकटं भावंड मागं लागलंच, तर ते कच्चा लिंबू. ते पळतं, ओरडतं, आउट झालं तरी राज्य त्याच्यावर येत नाही. मग एक दिवस तेच हट्ट धरतं, की आता मला पक्क्यात घ्या. समावेशक शिक्षणावर तुम्ही पेपर लिहिला असेल. ही पोरं तो रोज न लिहिता सोडवतात.

तेव्हा या खेळात शिट्टी घेऊन शिरू नका. करायचं काम त्याहून लहान आहे. आमच्याकडे सातवी-आठवीतल्या प्रत्येकाकडे खालच्या वर्गातली दोन-तीन मुलं दिलेली असत. खिचडीच्या रांगेत त्यांना पुढं घ्यायचं, ताट धुऊन झालं की मैदानावर न्यायचं आणि खेळ शिकवायचा. बाकी काही नाही. हे काम हुशार मुलांपुरतं नव्हतं. गणितात कायम मागं पडणारा एक जण लगोरी अशी काही रचायचा, की तिसरीची पोरं त्याच्या अवतीभवती फिरायची. 'दादा' म्हणून हाक मारली जाते, तेव्हा मुलगा ताठ चालायला लागतो.

आमच्या भागात दिवाळी झाली की ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं निघून जातात. हंगामी वसतिगृहं आहेत, तरी काही मुलं आई-बापांबरोबर फडावर जातातच आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. तोवर पुस्तक पार पुढं गेलेलं असतं. अशीच परतलेली चौथीतली एक मुलगी भिंतीला टेकून उभी राहायची. नोंदवहीत तिच्यापुढं 'अभ्यासात मागे' एवढाच शेरा होता. तिच्या आठवीतल्या ताईनं तिला खो-खोत ओढलं. चौकात बसायचं, पाठीवर थाप आणि 'खो' मिळेपर्यंत उठायचं नाही, एकदा निघालं की दिशा बदलायची नाही, हे सगळं घोटून घेतलं. आठवडाभरानं ती ताई माझ्याकडे आली. "बाई, ही खांबापाशी वळताना आधी हातानं चाचपते. हिला लांबचं दिसत नाही वाटतं." तालुक्याच्या आरोग्य पथकाकडून तपासणी झाली, चष्मा लागला. फळा तिला तोवर धूसरच दिसत होता. हे निदान वर्गात झालं नाही आणि कुठल्या शिक्षकानंही केलं नाही.

म्हणून एक आग्रहाचं सांगणं. गृहपाठ केला नाही, म्हणून मुलाला मधल्या सुट्टीत वर्गात बसवून ठेवू नका. ज्याला सवंगड्यांची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच आपण नेमकं त्यांच्यापासून तोडतो. ही शिक्षा देणाऱ्याला फार सोयीची असते, एवढाच तिचा गुण.

मुलींकडेही बघा. मैदानाचा मधला भाग क्रिकेटवाले बळकावतात आणि मुली कडेकडेनं लंगडी घालतात. त्यावर भाषण नको. वार वाटून द्या. दोन वार मैदान मुलींचं, त्या दिवशी बॅट कपाटात. पहिला आठवडा कुरकुर होते, मग मुलगेच विचारायला येतात, "आम्हाला घेता का?"

आता स्पर्धेबद्दल. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत भारतानं नेपाळला हरवलं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. अभिमान वाटलाच, पण मधल्या सुट्टीत विजेते शोधत फिरू नका. त्यासाठी सरावाची वेळ वेगळी ठेवा. जिथं पळता न येणाऱ्यालाही भिडू मिळतो, तिथं निवड चाचणी घेतली की पहिल्यांदा तोच बाहेर पडतो.

या सगळ्याला मैदान लागतं, आणि २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला क्रीडांगण हवंच म्हटलं आहे. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील, तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही सांगितला आहे. यातलं काही नसेल तर मुख्याध्यापकांना विचारा, शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा, ठराव लिहून घ्या. नव्या शिक्षकानं असं विचारलं की भुवया उंचावतात, उंचावू द्या.

ऑनलाइन माहिती कशी भरायची, अहवाल कधी पाठवायचा, हे शिकवायला तुम्हाला पुष्कळ माणसं भेटतील. ती कामं मधल्या सुट्टीतच उरकावीत, असा सल्लाही तीच देतील. तो तेवढा ऐकू नका. चहाचा कप घेऊन मैदानाच्या कडेला जा आणि कोण कुणाशी खेळत नाही ते बघा. आता मागच्या रांगेतले फोटोसाठी उठायला लागलेच आहेत, मी थांबते.