पोटाचा पडदा आणि पिशवीतली साखर

पोटाच्या डायलिसिसचा विषय निघाला की नातेवाईक नळीबद्दल विचारतात, जंतुसंसर्गाबद्दल विचारतात. रास्तच आहे. पिशवीत नेमकं काय भरलंय, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. आज त्यावरच बोलू.

आतड्यांवर आणि पोटाच्या भिंतीला आतून जो पातळ पडदा असतो, तो पसरला तर जवळजवळ अंगावरच्या कातडीएवढा भरेल. सीएपीडी या प्रकारच्या पोटाच्या डायलिसिसचा रुग्ण दिवसातून साधारण चार वेळा दोन लिटर द्रावण पोटात सोडतो, काही तासांनी काढतो. रक्तातला युरिया आपसूक त्यात उतरतो. साठलेलं पाणी मात्र ओढावं लागतं, आणि त्यासाठी द्रावणात साखर असते. कैरीच्या फोडींवर साखर पेरली की पाणी सुटतं ना, तोच प्रकार. पिशव्या मिळतात १.५, २.५ आणि ४.२५ टक्क्यांच्या. निरोगी माणसाच्या रक्तात साखर ०.१ टक्क्याच्या आसपास. म्हणजे सर्वांत सौम्य पिशवीतसुद्धा रक्तातल्या साखरेच्या सुमारे पंधरापट!

त्यात आणखी एक भर. निर्जंतुक करताना द्रावण तापवतात, तेव्हा साखरेचा काही भाग मोडून पेशींना जाचक अशी द्रव्यं तयार होतात. ती कमी व्हावीत म्हणून जुन्या पद्धतीचं द्रावण आम्लधर्मी, पीएच ५.५च्या जवळ ठेवतात. ते भरताना काहींच्या पोटात दुखतं.

वर्षानुवर्षं हे सोसून पडदा बदलतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पडद्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली मोजले होते. पेशींच्या अस्तराखालचा थर निरोगी माणसात सुमारे ५० मायक्रॉन, तर आठ वर्षांहून जास्त काळ हा डायलिसिस घेतलेल्यांत ७०० मायक्रॉन. शिवाय नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि इथंच गोम आहे. वाहिन्या वाढल्या की साखर भराभर रक्तात शोषली जाते, पाण्याची ओढ संपते. मग पाणी निघत नाही म्हणून जास्त कडक पिशवी, आणि तिनं पडदा आणखी खराब. ४.२५ची पिशवी चार तास ठेवूनही, भरलेल्या द्रावणापेक्षा जादा निघालेलं पाणी ४०० मिलिलिटरहून कमी भरलं, तर पडदा थकला असं आम्ही डॉक्टर धरतो.

यावर दोन कप्प्यांची पिशवी निघाली. साखर एका कप्प्यात, आम्लता कमी करणारा बफर दुसऱ्यात. भरण्याआधी दोन्ही मिसळायचे. मग पीएच रक्ताच्या जवळ येतो आणि जाचक द्रव्यंही कमी. हिच्यामुळं उरलीसुरली लघवी जास्त दिवस टिकते, असं चाचण्यांमधून दिसतं. लघवी टिकणं ही छोटी गोष्ट नव्हे. पण पडदा हमखास वाचतो, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आणि ती महागही पडते.

मक्याच्या स्टार्चपासून केलेलं आयकोडेक्स्ट्रिन हा दुसरा मार्ग. ते सावकाश शोषलं जातं, म्हणून दिवसातून एकदा, रात्रभरासारख्या लांब मुक्कामाला वापरतात. मधुमेह असणाऱ्यांनी नीट ऐका: काही ग्लुकोमीटर याच्यामुळं साखर खोटीच जास्त दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन टोचलं तर जिवावर बेतेल. आपलं यंत्र चालेल का, ते आधी डॉक्टरांना विचारा.

कडक पिशवी लिहून देण्याआधी मी मात्र जेवणाचं विचारतो. आठ-नऊ ग्रॅम जादा मीठ अंगात लिटरभर पाणी धरून ठेवतं. लोणचं, पापड, फरसाण चालू ठेवून ते लिटरभर पाणी रोज साखरेनं ओढायचं, तर त्याची किंमत पडदाच मोजतो.