घरीं सरावासाठीं पियानो निवडतांना

घरांत गाणेंबजावणें असावें ही सुशिक्षित मराठी कुटुंबांची हौस फार जुनी आहे. ही हौस पूर्वीं पेटी भागवीत असे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत खोळींत झांकलेली पेटी असे, आणि आल्यागेल्यापुढें घरांतील एखादें मूल तीवर एखादें नाट्यपद वाजवून दाखवी. अलीकडे मुंबई-पुण्याकडील पुष्कळ मुलें पियानो शिकूं लागलीं आहेत. मात्र खरा पियानो घरीं आणणें बहुतेकांच्या आटोक्यांतलें नाहीं. किंमतीचा भाग बाजूस ठेवला तरी उभ्या घडणीच्या पियानोचें वजन दोनशें किलोच्या घरांत असतें. त्यांतील दोनशेंहून अधिक तारा वर्षांतून एकदां तरी स्वरांत लावून घ्याव्या लागतात. आणि समुद्रकांठच्या दमट हवेंत लांकूड फुगलें कीं पट्ट्या अडकूं लागतात. म्हणून मध्यम स्थितींतील कुटुंबें डिजिटल पियानोकडे वळतात. हें वळणें योग्यच आहे. परंतु दुकानांत शेजारीं शेजारीं मांडलेलीं सर्वच वाद्यें पियानोच्या सरावास उपयोगी पडतात असें मात्र नाहीं.

हा भेद कळण्यास पियानोचें मर्म ध्यानांत घेतलें पाहिजे. इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिरानें १७०० च्या सुमारास हें वाद्य सिद्ध केलें. इटालियन भाषेंत ‘पियानो’ म्हणजे हळू आणि ‘फोर्ते’ म्हणजे जोरानें; या दोन शब्दांवरून त्यास ‘पियानोफोर्ते’ हें नांव पडलें. बोटानें पट्टी जितक्या वेगानें दाबावी तितक्या वेगानें आंतील हातोडी तारेवर आदळते, आणि त्या मानानें स्वर नाजूक किंवा भारदस्त निघतो. पेटीचें तसें नाहीं. तेथें स्वर लहानमोठा होतो तो भात्यानें. पट्टी हलकेच दाबली काय किंवा जोरानें दाबली काय, फरक पडत नाहीं. पियानोवर मात्र भात्याचें काम बोटांनींच करावयाचें असतें.

एखाद्या घरांत मग असें घडतें. आठ-नऊ वर्षांची मुलगी पियानोच्या शिकवणीस जाऊं लागते. वडील ६१ पट्ट्यांचें एक हलकेंफुलकें वाद्य आणतात. त्यांत नाना वाद्यांचे आवाज असतात, तयार ताल असतात, आणि किंमतहि बेताची असते. मराठी घरांत असल्या प्रत्येक वाद्यास, तें कोणत्याहि कंपनीचें असो, सरसकट ‘कॅसिओ’ म्हणण्याचा प्रघात आहे. मुलगी सहा महिने त्यावर मनापासून सराव करते. घरीं धडा बिनचूक वाजतो. पण शिक्षिकेच्या पियानोवर बसली कीं कांहीं स्वर उमटतच नाहींत, तर कांहीं एकदम दणाणतात. शिक्षिका म्हणतात, “सराव कमी पडतो.” आई म्हणते, “अहो, रोज तासभर बसते ती!” दोघींनाहि खरें कारण दिसत नाहीं. खऱ्या पियानोच्या मधल्या भागांतील पट्टी खालीं जाण्यास सुमारें ५० ग्रॅमचा भार लागतो. घरच्या वाद्याची स्प्रिंगवर बसविलेली पट्टी मात्र नुसत्या स्पर्शानें दबते. मुलीनें सराव केला, पण तो दुसऱ्याच वाद्याचा. वर्षाअखेर शिकवणी सुटते, आणि ‘तिला त्यांत गति नाहीं’ हा शेरा घरांत कायम होतो. दोष वाद्याचा असतो आणि शिक्षा मुलीस होते.

म्हणून पैसे मोजून खर्च करावयाचे असले तरी दोन बाबतींत काटकसर करूं नये. पहिली बाब पट्ट्यांच्या घडणीची. प्रत्येक पट्टीबरोबर उचलली जाणारी हातोडीसारखी योजना आंत असली पाहिजे. दुकानदार तीस ‘हॅमर ॲक्शन’ म्हणतात. चांगल्या वाद्यांत खर्जाकडील पट्ट्या किंचित् जड व तारसप्तकाकडील हलक्या असतात, कारण खऱ्या पियानोंतहि तसेंच असतें. दुसरी बाब पट्ट्यांच्या संख्येची. पियानोस ५२ पांढऱ्या व ३६ काळ्या मिळून ८८ पट्ट्या असतात. प्रारंभीचे धडे कमी पट्ट्यांवर भागतात; परंतु दोन-तीन वर्षांत हात दोन्ही टोकांकडे पसरूं लागतो, आणि मग वाद्य बदलण्याचा दुप्पट खर्च माथीं बसतो. यामाहा, कॅसिओ, रोलंड, कॉर्ग, कावाई या सर्वच कंपन्या अशीं वाद्यें करतात. नव्या वाद्यास बहुधा तीस हजार रुपयांहून अधिक पडतात. वजन मात्र दहा-बारा किलोंपासून असतें, त्यामुळें भाड्याच्या जागेंतहि तें सुखानें नेतां येतें.

काटकसर करावयाची ती आवाजांच्या संख्येंत. पियानोचा एक उत्तम आवाज असला म्हणजे झालें. सनई, बासरी आणि ढोल त्यांत असण्याचें कारण नाहीं. एका वेळीं ६४ स्वर घुमत ठेवण्याची शक्ति असली तर ती नवशिक्यास पुरते. जमिनीवर घसरणाऱ्या लहानशा पेडलऐवजीं मात्र जड बुडाचें पेडल निराळें घ्यावें. घोडी डुगडुगणारी नसावी, आणि बैठक इतकी उंच असावी कीं कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळींत येईल. हेडफोन लावून रात्रीं वाजवितां येतें हा या वाद्याचा मोठाच गुण. तथापि पट्ट्यांची ठकठक जमिनींतून खालच्या बिऱ्हाडांत पोंचते, याकरितां घोडीखालीं जाड सतरंजी किंवा रबर घालणें हा शेजारधर्म होय.

वाद्य जुनें मिळत असेल तर त्यांत कमीपणा नाहीं. मात्र ८८ पट्ट्या एकामागून एक, सारख्याच भारानें वाजवून पाहाव्या; एखादी मुकी, एखादी अवाजवी मोठी किंवा खडखडणारी निघाल्यास दुरुस्तीचा खर्च आधीं विचारून घ्यावा. नव्या वाद्याचीहि परीक्षा सोपी आहे. एकच पट्टी प्रथम अगदीं हळू, मग मध्यम, मग जोरानें वाजवावी. तीन निरनिराळे स्वरभार स्पष्ट ऐकूं आले पाहिजेत. ही परीक्षा वडिलांनीं करण्यापेक्षां जिला रोज त्यावर बसावयाचें आहे त्या मुलीनेंच करावी, आणि शक्य असल्यास शिक्षिकेस बरोबर न्यावें. दुकानांत गेलेला तो एक तास पुढें मुलीची कित्येक वर्षांची मेहनत वांचवितो.